समजून वाचू नका

मुलुंडला नोकरीला होते तेव्हा काही वर्षं मी 'ग' होते. म्हणजे मला नाव होतं, आडनाव होतं, लग्नात बदललेलं दुसरं नावसुद्धा होतं. पण आमच्या संशोधन मंदिरात त्यातलं एकही चाललं नाही. पहिल्याच दिवशी सरांनी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही ग. आजपासून तुम्हीही ग." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण सरांना थट्टा करता येत नसे. ते जे काय करत ते मनापासून करत, आणि थट्टा आपली आपण होत असे.

संशोधन मंदिर हे नाव मोठं. प्रत्यक्षात तो एका कच्छी शेटजींचा जुना बंगला होता. पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर. पुढच्या मोठ्या खोलीत पोथ्यांची कपाटं, आणि मागच्या दोन खोल्यांत सर आणि त्यांच्या पत्नी राहायच्या. त्यांना आम्ही काकू म्हणत असू. जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करायच्या, जपायच्या आणि त्यांचा अभ्यास करायचा, हे आमचं काम.

एका फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या जुन्या कवीचं लांबलचक आख्यान होतं. कवीच्या हातची पोथी अर्थातच कुठे नव्हती. आमच्याकडे होत्या तीन नकला, तीन वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या. त्यांची नावं क, ख आणि ग. रोज सकाळी तिघांनी तीन पोथ्या घेऊन सतरंजीवर बसायचं, एकच ओवी आळीपाळीने मोठ्याने वाचायची आणि कुठे फरक पडला की सरांनी तो टिपून घ्यायचा. याला ते मेळवणी म्हणत, आणि ज्या पोथीत जे लिहिलंय त्याला तिचा पाठ. क वाचणारे एक निवृत्त शाळामास्तर होते, उच्चार असे की 'ष' ऐकूनच कळावा. ख हा घाटकोपरचा नुकता बी.ए. झालेला मुलगा, तोंडात कायम "वाट लागली". आणि ग मी.

ही नावं पोथ्यांपुरती राहिली असती तर बिघडलं नसतं. पण सर भर बाजारात लांबून ओरडायचे, "अहो ख, कोथिंबीर कशी घेतलीत?" एकदा मी तापाने पडले तेव्हा ते चौकशीला घरी आले. दार सासूबाईंनी उघडलं. सरांनी नमस्कार करून विचारलं, "ग आहेत का?" सासूबाई पुढची अक्षरं येण्याची वाट बघत बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. संशोधन मंदिरात उंदरांसाठी एक मांजर होतं, त्याला सरांनी नाव दिलं होतं 'ङ'. कारण विचारलं तर म्हणाले, "असतं सगळीकडे, पण उपयोग कोणी करत नाही."

सरांचं एक वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकलं असेल! "समजून वाचू नका." मी कॉलेजात सात-आठ वर्षं समजून वाचायला शिकून आले होते, त्यामुळे पहिले काही महिने मला हे फार झोंबलं. सरांचं म्हणणं असं, की माणसाला वाचताना अर्थ समजला की त्याला तो सुधारावासा वाटतो. जुन्या काळच्या हुशार नकलाकारांनी हेच केलं. अडलेला शब्द दिसला की आपल्या पदरचा चांगला शब्द घातला, आणि मूळ शब्द कायमचा गेला. म्हणून अक्षर अक्षर सुटं वाचायचं. जे दिसतं ते म्हणायचं. डोकं घरी ठेवून यायचं.

या हिशेबाने त्यांची सगळ्यांत लाडकी पोथी ग होती, आणि ग ही तिन्हींत सगळ्यांत गचाळ. ओळीओळीला चुका. 'न' चा 'ण', 'स' चा 'श', मध्येच अर्धा शब्द गळालेला. क पोथीचं अक्षर मोत्यांसारखं होतं, गचं मुंग्यांच्या रांगेसारखं. मी एकदा वैतागून म्हटलं, की या माणसाला लिहायला बसवलं कोणी? सर खुलले. त्यांनी मला समजावलं, की नकलाकार दोन प्रकारचे. एक बघून लिहिणारा, तो दिसण्यात चुकतो, 'घ' चा 'ध' करतो. दुसरा ऐकून लिहिणारा. एक जण पोथीतून सांगतोय आणि हा उतरवून घेतोय. तो ऐकण्यात चुकतो. ग हा ऐकून लिहिणारा. "त्याला काही म्हणजे काही समजत नव्हतं हो," सर कौतुकाने म्हणाले, "म्हणून तर प्रामाणिक." स्वतःच्या नातवाबद्दल बोलावं तसं ते बोलत.

याच कारणासाठी आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराचा कायदा होता. मेळवणी सुरू होण्यापूर्वी सर स्वतः उठून आतलं दार लावून घेत आणि कडी घालत. फोडणीचा धूर पोथ्यांना लागू नये हे एक; पण खरं कारण दुसरं. "कानावर पडलेलं हातात उतरतं," ते म्हणत. आतून भाजी काय करू असा आवाज आला, तर टिपणारा टिपणात दुधी लिहून बसेल, अशी त्यांना भीती. काकूंना सक्त ताकीद होती, की या वेळात बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. काकू मालवणकडच्या, मोकळ्या गळ्याच्या. त्यांना गप्प बसणं फार जड जाई. कडी निघाली की तासाभराचं साठलेलं सगळं एकदम बाहेर येत असे.

मुलुंडच सरांनी का पत्करलं याचंही शास्त्र होतं. शेटजींनी आधी सांताक्रूझची जागा देऊ केली होती, मुलुंडपेक्षा कितीतरी ऐटीची. सर गेले, भिंतीला नाक लावून उभे राहिले आणि परत आले. खारदांड्यावरून येणारा समुद्राचा वारा पोथीला सादळवतो, असं त्यांनी शेटजींना कळवलं. मुंबईची सगळी उपनगरं त्यांनी अशी नाकाने लावून ठेवली होती. कोणी नवं बिऱ्हाड केलं म्हणून पेढे घेऊन आलं, की ते पेढा हातात धरून विचारत, "पापड किती दिवस कुरकुरीत राहतात?"

चुका त्यांना कुठेही भेटत. सकाळचं वर्तमानपत्र ते बातम्यांसाठी वाचत नसत. दुसऱ्या पानावर कंपोझिटरला झोप आली आणि चौथ्या पानावर तो चहा पिऊन आला, हे ते आम्हाला दाखवून देत. माझ्या नणंदेच्या लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' याऐवजी 'कृपया आहार आणू नये' असं छापून आलं. घरात रडारड झाली, शेवटी सासऱ्यांनी सगळ्या पत्रिकांवर पेनाने काना खोडून मात्रा दिल्या. सरांची पत्रिका तेवढी राहून गेली. आता सरांना पोटाचा त्रास, त्यामुळे ते लग्नाकार्यातसुद्धा आपला भाकरीचा डबा बरोबर नेत. आमच्याकडे मात्र रिकाम्या हातांनी आले आणि पंगतीत नुसतं ताक पिऊन बसले. मी डब्याचं विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, "आणू नये असं होतं ना." मग हळूच पुढे झुकून, "पाठ चांगला आहे. दुरुस्त करू नका."

चूक खोडायची झालीच तर ती हरताळाने. हरताळ म्हणजे पिवळं विषारी खनिज. जुने लोक ते डिंकाच्या पाण्यात उगाळून चुकलेल्या अक्षरावर फासत आणि वाळलं की त्यावर बरोबर अक्षर लिहीत. नियमांना हरताळ फासला असं आपण म्हणतो ते इथूनच आलं. सर महिन्यातून एकदा अंगणात बसून हरताळ उगाळत, तोंडाला उपरणं बांधून. काकूंनी त्या सहाणेला घरात बंदी केली होती. आम्हीही ही विद्या शिकावी म्हणून एकदा त्यांनी फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं : 'बुधवारी हरताळ. सर्वांनी वेळेवर यावे.' ते दिवस मोर्चांचे आणि बंदचे होते. बुधवारी आम्ही तिघं आलो तर फाटकाशी दोन हवालदार उभे, आणि शेटजींचा मुनीम घाम पुसत विचारतोय, की पोथ्यांच्या मागण्या काय आहेत? सरांनी दोन्ही हवालदारांना अंगणात बसवून उगाळायला लावलं. त्यांतला एक पुढे कित्येक महिने मुद्दाम वाट वाकडी करून हरताळ कसा काय आहे ते विचारायला येत असे.

आता अध्यक्षांबद्दल सांगायला हवं, कारण संशोधन मंदिर उभं होतं ते त्यांच्या एका शब्दावर. अध्यक्ष म्हणजे वयोवृद्ध विद्वान, सरांचे गुरू. सरांना शिकवलं त्यांनी, नोकरी दिली त्यांनी, डोक्यावर छप्पर दिलं त्यांनी. तरुणपणी त्यांना क पोथीत एक ओळ सापडली होती. ऋषी राजाला उपदेश करतो : 'ऐकें राया सावधान, आगममंजरी हा कल्प.' अध्यक्षांनी त्यावरून ताडलं, की 'आगममंजरी' नावाचा फार मोठा ग्रंथ पूर्वी असला पाहिजे आणि तो हरवला आहे. त्यांनी त्यावर निबंध लिहिला. तो गाजला. शेटजी भारावले, त्यांनी बंगला दिला आणि फाटकावर संगमरवरी पाटी लागली, 'आगममंजरी संशोधन मंदिर'. तेव्हापासून सर दर उन्हाळ्यात गावोगाव जाऊन मंजरी शोधत. येताना दुसऱ्याच पोथ्या घेऊन येत. मंजरीबद्दल विचारलं की म्हणत, "सापडेल त्या वेळी सापडेल." आणि विषय बदलत.

आख्यान छापायला घ्यायची वेळ आली तेव्हा संकट आलं. छापखान्याने कळवलं, की एकट्या ग पोथीच्या चुकांनीच तळटिपा अर्धं पान खातात. कार्यकारी मंडळात चर्चा झाली. ग पोथी इतकी अशुद्ध आहे तर ती वगळावी, असं ठरत आलं. आणि ग वगळली तर ग वाचणारीही नको, हे ओघानेच आलं. अध्यक्ष म्हणाले, शनिवारी मी स्वतः येतो, मेळवणी ऐकतो आणि निर्णय देतो.

मला ती नोकरी हवी होती. घर माझ्या पगारावर चालत नव्हतं, पण मी चालत होते. सकाळी स्वयंपाक उरकून, सासऱ्यांचं "घरात पोथी वाच म्हटलं की हिला वेळ नाही" हे ऐकून, खाचरांच्या बांधावरून त्या बंगल्याकडे जायला लागले की माझं मन हलकं होत असे. तिथे मी नुसती कोणाची सून नव्हते. तिथे मी ग होते. मी सरांना विचारलं, माझं काय होणार? ते म्हणाले, "तुम्ही वाचा. समजून वाचू नका." माझा तिळपापड झाला. माणूस बुडतोय आणि हे त्याला पोहण्याचा नियम सांगताहेत!

शनिवार उजाडला. अध्यक्ष आले, लोडाला टेकून बसले. सरांनी वाचायला पान काढलं. त्यांनी नेमका तोच अध्याय काढला होता, मंजरीचा. अध्यक्षांचा सगळ्यांत लाडका अध्याय. त्या अध्यायाची गची पानं मी कधी पाहिलीही नव्हती. दुरुस्तीसाठी म्हणून ती सरांनी कायम स्वतःच्या कपाटात ठेवली होती. मला मनात आलं, झालं, यांनी गुरूपुढे मान तुकवली. गचे वाभाडे निघावेत म्हणूनच हे पान निवडलं. मला सरांचा भयंकर राग आला. त्यातून ते म्हणाले, "आज सुटं वाचू नका. अध्यक्षांना वेळ कमी आहे. एका दमात, मोठ्याने."

मास्तरांनी वाचलं : "ऐकें राया सावधान, आगममंजरी हा कल्प." अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली.

ख ने वाचलं : "ऐकें राया सावधान, अगममांजरी हाकल." अध्यक्षांच्या कपाळाला बारीक आठी पडली.

मग मी. राग गळ्यात होता, त्यामुळे आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला. मी मुंग्यांची ती रांग एका दमात वाचली : "ऐकें राया सावधान, अगे मांजर हाकल!"

आणि आतून, मागच्या खोलीतून, काकूंचा खणखणीत आवाज आला. "मगाशीच हाकललंय गे! मेल्यान दुधात तोंड घातल्यान!"

मी समजून वाचलं नव्हतं, पण समजून ऐकणं टाळता आलं नाही. ख ने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. ते उपरणं मास्तरांचं होतं. सर खाली बघत होते.

अध्यक्षांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं, या खेपेला हळू. त्यांनी ग पोथी मागून घेतली, भिंग लावलं आणि कितीतरी वेळ त्या ओळीवर वाकून राहिले. मग म्हणाले, हा योगायोगही असू शकतो. सरांनी फक्त पुढचं पान उलटून दिलं. त्या पानाच्या कोपऱ्यात शाईचे ठिपके होते, चार लहान आणि त्यांच्याखाली एक मोठा. मांजराचा पाय. पोथी सांगणाऱ्याने मध्येच बायकोला हाक मारली होती, ऐकून लिहिणाऱ्याने तीही इमानेइतबारे उतरवली होती, आणि मांजर काही वेळेवर हाकललं गेलं नव्हतं. पुढे ख च्या नकलाकाराने त्याचं अगममांजरी केलं. क च्या विद्वान नकलाकाराने ते सुधारून आगममंजरी केलं. म्हणजे क ही नात होती आणि गचाळ ग ही आजी.

मला अध्यक्षांकडे बघवेना. त्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर उभं होतं. आणि आमचा बंगलाही. मग अध्यक्षांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "अरे, माझ्या मंजरीचं मांजर झालं!"

हसू ओसरल्यावर त्यांनी कपाटातला आपला निबंध मागितला आणि हरताळ मागितला. सरांनी अंगणातली सहाण आणून दिली, वाटी धरून शेजारी बसले. अध्यक्षांनी मुखपृष्ठावरच्या 'मंजरी'वर पिवळा कुंचला फिरवला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि सरांना म्हणाले, "ग राहू दे. दोन्ही ग राहू देत." सरांनी वाटी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मी पदर डोळ्यांना लावला आणि हरताळाची भुकटी उडाली म्हणून सांगितलं.

शेटजींना अध्यक्षांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. शेटजी म्हणाले, आमच्या बापूजींच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाचा दगड भिंतीत आहे ना, मग शोधा मांजर. फाटकावरची पाटी तशीच राहिली; संगमरवराला पुरेल एवढा हरताळ आमच्याकडे नव्हता. आख्यान छापून आलं, त्या ओळीत ठिपके आहेत आणि खाली बारीक अक्षरात ग चा पाठ. ख ने तो बघून "झकास" म्हटलं. मास्तरांनी मात्र अखेरपर्यंत ती ओळ मोठ्याने उच्चारली नाही. मी पुढे बदली होईपर्यंत, म्हणजे यजमानांची बदली होईपर्यंत, ग राहिले.

सर गेल्याचं मला फार उशिरा कळलं. काकू तेव्हा भावाकडे भांडुपला राहत होत्या. भेटायला गेले तर त्यांनी "ग इली गे!" म्हणून घरभर हाकाटी केली. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि अर्थातच मांजराची निघाली. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. हसता हसता मला एकदम आठवलं. मी विचारलं, "काकू, त्या दिवशी आतलं दार उघडं कसं होतं? सर तर रोज कडी घालायचे. आणि तुम्ही ओ कशी दिलीत?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "माका काय म्हायत? दार तेंनीच उघडा ठेवल्यानी. आणि सकाळीच सांगलेला, आज कोणी 'अगे' म्हणान हाक मारल्यान तर गप रव नको, ओ दी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कितीतरी वर्षं. गुरूला तोंडावर सांगवत नव्हतं म्हणून ती पानं कपाटात ठेवून ते उन्हाळ्याउन्हाळ्याला मंजरी शोधत फिरले होते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यांनी फक्त एक कडी काढून ठेवली होती. मी मात्र त्या दिवशीचा त्यांचा चेहरा इतकी वर्षं आठवत आले होते, अगदी त्यांनी शिकवल्याप्रमाणे, न समजता.